आयसीयूत नवीन आहात? मग एबीजीची पट्टी आणि व्हेंटचा अलार्म एकत्र वाचायला शिका

रात्री अडीच-तीनला व्हेंट, म्हणजे पेशंटला श्वास देणारं मशीन, वाजला की नवीन स्टाफ पहिलं काय करतो, तर सायलेन्सचं बटण दाबतो. मीपण तेच करायचे. जीएनएम नर्सिंग करून बीडहून पुण्यात आले, स्वारगेटला उतरले तेव्हा हातात एक बॅग आणि डोक्यात वॉर्डचं काम, आयसीयू फक्त पोस्टिंगला पंधरा दिवस बघितलेलं. तिसऱ्या का चौथ्या नाइटला मी बटण दाबून वळले तर इन्चार्ज सिस्टर मागेच उभ्या. म्हणाल्या, "बटण दाबलंस ते ठीक, छाती हलतेय का बघितलीस?" बघितली नव्हती. पेशंटच्या श्वासनळीतली ट्यूब दाताखाली चावलेली होती.

तर हे लिहितेय ते तशा नवीन मुलामुलींसाठी. कॉलेजात एबीजी, म्हणजे धमनीच्या रक्तातल्या गॅसची तपासणी, एका तासाला शिकवतात, व्हेंट दुसऱ्या तासाला, त्यामुळे डोक्यात दोन वेगळे कप्पे होतात आणि मग दोन्हीची धास्ती. पण बेडशी उभं राहिलं की विषय एकच आहे. पेशंट मिनिटाला किती हवा आतबाहेर करतो त्यावर रक्तातला सीओटू ठरतो, आणि सीओटूवर पीएच, म्हणजे रक्ताची आम्लता, हलतो. व्हेंटच्या स्क्रीनवरचा मिनिट व्हॉल्यूम आणि एबीजीच्या पट्टीवरचा पीसीओटू शेजारी शेजारी ठेवून बघायची सवय लावली की अर्धं काम झालं.

खरं तर आयसीयू सुरूच ह्या जोडीपासून झालं. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली होती, पेशंटच्या रक्तात बायकार्ब, म्हणजे ॲसिड मारणारा क्षार, वाढलेलं दिसायचं आणि डॉक्टरांना वाटायचं हा अल्कलोसिस आहे. ब्योर्न इब्सेन नावाचे भूलतज्ज्ञ म्हणाले की नाही, ह्यांचा श्वास पुरत नाहीये, सीओटू साठतोय. मग गळ्याला भोक पाडून ट्यूब टाकली आणि मेडिकलच्या मुलांनी शिफ्ट लावून रात्रंदिवस हाताने बॅग दाबली. म्हणजे एबीजी चुकीचा वाचला तर इलाज उलटा होतो, हे सत्तर वर्षांपूर्वीच कळलेलं आहे.

आधी सॅम्पल नीट घ्या, नाहीतर पुढचं सगळं वाया

आर्ट लाइन, म्हणजे धमनीत बसवलेली नळी, असेल तर सोपं, पण लाइनमधलं सलाइन पूर्ण मागे ओढून, म्हणजे डेड स्पेसच्या दोन-तीन पट रक्त बाजूला काढून मगच सॅम्पल घ्यायचं, नाहीतर पातळ झालेलं रक्त जातं आणि सोडियमपासून हिमोग्लोबिनपर्यंत सगळं विचित्र येतं. काढल्यावर लाइन फ्लश करायला विसरू नका. लाइन नसेल तर मनगटातल्या रेडियल धमनीला आधी अ‍ॅलन टेस्ट, मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबून तळवा पांढरा करा, करंगळीकडची अल्नर सोडा, पाच ते पंधरा सेकंदात गुलाबी झाला पाहिजे. सुई काढली की पाच मिनिटं दाबून धरायचं, हेपरिनवर किंवा रक्त पातळ करायच्या गोळीवर असेल तर जास्त, आणि नातेवाइकाला "जरा दाबून धरा" सांगून निघून जायचं नाही, मी बघितलेत त्याचे काळेनिळे हात.

सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की पीओटू, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, खोटा वाढतो आणि सीओटू खोटा कमी येतो. सॅम्पल ट्रेमध्ये पडून राहिलं की पेशी ऑक्सिजन खातच राहतात, पीओटू आणि पीएच खाली, सीओटू वर. प्लास्टिकची सिरिंज असेल तर अर्ध्या तासाच्या आत मशीनला लागलीच पाहिजे. आणि आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी अजून दोन एमएलच्या सिरिंजमध्ये हेपरिन ओढून सॅम्पल घेतात, तिथे हेपरिन नुसतं आतून फिरवून पूर्ण बाहेर काढायचं असतं. अर्धा एमएल हेपरिन आत ठेवून एक एमएल रक्त घेतलं तर सीओटू आणि बायकार्ब दोन्ही कमी येणार, आणि आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचा डॉक्टर, मेटाबॉलिक अ‍ॅसिडोसिस शोधत बसणार जो नाहीच आहे.

अजून एक. सक्शन केल्या केल्या किंवा सेटिंग बदलल्या बदलल्या एबीजी पाठवू नका. वीस ते तीस मिनिटं जाऊ द्या. पाठवताना एफआयओटू (दिलेल्या हवेतला ऑक्सिजनचा टक्का), मोड आणि पेशंटचं टेंपरेचर लिहा. एफआयओटू न लिहिलेल्या पट्टीवरचा पीओटू म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. ९० आलाय, पण २१ टक्क्यांवर का १०० टक्क्यांवर? दोन्हीत जमीनअस्मानाचा फरक. पीओटूला एफआयओटूने भागायचं, १०० टक्के म्हणजे १, ६० टक्के म्हणजे ०.६. ३०० च्या खाली गेलं की फुफ्फुस बिघडलंय, १०० च्या खाली म्हणजे फारच. आणि आपलं पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर आहे, हवेचा दाब थोडा कमी, त्यामुळे साध्या हवेवर पीओटू मुंबईच्या माणसापेक्षा हिशोबाने दहाएक एमएम कमी येतो. धडधाकट माणसाचा साध्या हवेवर ८२ आला म्हणून घाबरायचं कारण नाही.

पट्टी वाचायची रीत

आकडे पाठच पाहिजेत, त्याला इलाज नाही. पीएच ७.३५ ते ७.४५, पीसीओटू ३५ ते ४५, बायकार्ब २२ ते २६. लॅक्टेट २ च्या आत.

पहिलं पीएच बघा. ७.३५ च्या खाली अ‍ॅसिडोसिस, ७.४५ च्या वर अल्कलोसिस. मग सीओटू बघा. सीओटू आणि पीएच एकमेकांच्या उलट चाललेत, म्हणजे पीएच खाली आणि सीओटू वर, तर मूळ भानगड श्वासाची, म्हणजे रेस्पिरेटरी. पीएच आणि बायकार्ब दोन्ही एकाच दिशेला, दोन्ही खाली किंवा दोन्ही वर, तर भानगड मेटाबॉलिक, म्हणजे श्वासाची नाही, शरीरातल्या ॲसिड-क्षाराची. मी असं लक्षात ठेवते, सीओटू हा ॲसिड आणि बायकार्ब हा सोडा, इडलीच्या पिठात सोडा घालतो तोच खानदान. ॲसिड वाढलं किंवा सोडा संपला, दोन्हीत पीएच खालीच जाणार.

मग तिसरं, जे बहुतेक जण सोडून देतात, की दुसरी बाजू भरपाई करतेय का आणि पुरेशी करतेय का. फुफ्फुस मिनिटांत भरपाई करतं, किडनीला दोन-तीन दिवस लागतात. मेटाबॉलिक अ‍ॅसिडोसिसमध्ये सीओटू किती असायला हवा त्याचा एक हिशोब आहे, बायकार्बला दीडने गुणा, त्यात ८ मिळवा, दोन इकडेतिकडे चालतं. हा एकच फॉर्म्युला पाठ करा, बाकीचे नंतर.

हे का महत्त्वाचं ते सांगते, माझीच चूक आहे. एका पेशंटचा पीएच ७.३९ आला, मी पट्टी फाइलला लावली आणि ओव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टला माहिती, देताना "एबीजी नॉर्मल" म्हणाले. सकाळच्या डॉक्टरांनी पट्टी बघितली, सीओटू २४, बायकार्ब १४, लॅक्टेट वाढलेला. हिशोबाने १४ ला सीओटू २९ च्या आसपास हवा होता, हा २४. म्हणजे मेटाबॉलिक अ‍ॅसिडोसिस आहेच आणि वर रेस्पिरेटरी अल्कलोसिसही, दोन्ही ओढाताण करून पीएच मध्यावर. सेप्सिसचा पेशंट होता. त्या दिवसापासून मी ओव्हरमध्ये "एबीजी नॉर्मल" हा शब्द वापरत नाही, तिन्ही आकडे वाचते.

(आणि पट्टी थर्मल कागदाची असते, महिन्या-दोन महिन्यांत कोरी होते. आकडे चार्टवर हाताने उतरवा.)

चार पेशंट डोळ्यासमोर आणा

पावसाळ्यात भोर-वेल्हे, जुन्नरकडून रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावल्याची केस येते. चावल्याची खूणही धड दिसत नाही, पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या पडतात, मग गिळता येत नाही, आणि इथे पोचेपर्यंत श्वास पोटातल्या पोटात. फुफ्फुस चांगलं आहे, फक्त भाता ओढणारे स्नायू बंद. पट्टी येते पीएच ७.१८, सीओटू ७८, बायकार्ब २८. सीओटू वर, पीएच खाली, बायकार्ब जेमतेम हललंय कारण किडनीला वेळच नाही मिळाला. शुद्ध रेस्पिरेटरी अ‍ॅसिडोसिस, ताजा. व्हेंट लावला की पुढच्या एबीजीला सुधारतो. ह्या पेशंटचा स्वतःचा श्वास शून्य असतो, म्हणजे सर्किट सुटलं तर मागे काहीच नाही. त्याचा लो प्रेशर अलार्म म्हणजे पळत जायचं. आणि तो सगळं ऐकत असतो बरं का, डोळे उघडता येत नाहीत म्हणून बेशुद्ध समजून बेडशेजारी काहीबाही बोलू नका.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड भागात जीबीएसची, म्हणजे नसांवर हल्ला होऊन स्नायू लुळे पडायच्या आजाराची, साथ आली तेव्हा हेच कितीतरी जणांनी अनुभवलं. पण जीबीएसमध्ये एक धोका आहे, तिथे सीओटू वाढायची वाट बघायची नसते. शेवटपर्यंत तो पेशंट जोर लावून सीओटू नॉर्मल ठेवतो आणि मग एकदम हात टेकतो. त्यामुळे एका श्वासात किती आकडे मोजतो, मान उचलतो का, खोकला दमदार आहे का, हे दर तासाला बघून लिहायचं. आणि त्यांचं सक्शन करताना मॉनिटरवर डोळा ठेवा, पल्स धाडकन खाली येऊ शकतो.

दुसरा पेशंट डीकेएचा, म्हणजे डायबेटिसमध्ये रक्तात किटोनचं ॲसिड साठलेला, इन्सुलिन बंद केलेला. पीएच ७.१७, सीओटू १७, बायकार्ब ६. हिशोब करा, ६ दीडे ९, अधिक ८, १७. म्हणजे भरपाई तंतोतंत चालू आहे. हा माणूस मिनिटाला पस्तीस-चाळीस खोल श्वास घेतोय, ते त्याला लागलेलं भूत नाही, तो सीओटू बाहेर फेकून स्वतःला जिवंत ठेवतोय. आता काही कारणाने ह्याला ट्यूब टाकावी लागली, स्नायू सैल करणारं रिलॅक्संट दिलं आणि व्हेंटवर नेहमीसारखा रेट १४ लावला तर? सीओटू ३५ म्हणजे कागदावर अगदी नॉर्मल होईल आणि पीएच ७ च्या खाली जाईल. नॉर्मल सीओटू ह्या पेशंटला मारू शकतो. सेटिंग डॉक्टर ठरवतात, आपण नाही, पण "सर, ट्यूबच्या आधी ह्यांचा रेट ३८ होता आणि सीओटू १७, आत्ता १४ लावलाय" हे सांगणं आपलं काम आहे, आणि ते मोठ्याने सांगायचं.

हाच मुद्दा अलार्मला लागतो. पीएसव्हीवर, म्हणजे श्वास स्वतः घेतोय आणि मशीन फक्त जोर देतंय अशा मोडवर, असलेल्या पेशंटचा हाय रेट अलार्म वाजायला लागला की सगळ्यात सोपा उपाय म्हणजे सेडेशन वाढवून मागणे, पेशंट शांत, व्हेंट शांत, सिस्टर शांत. पण तो जर अ‍ॅसिडोसिस भरून काढत असेल तर आपण त्याचा एकमेव मार्ग बंद केला. आधी दुखतंय का बघा, ताप आहे का, युरिन बॅगची नळी दुमडून पोट फुगलंय का, आणि मग शेवटचा एबीजी कधीचा आहे ते बघा. सगळ्यात शेवटी सेडेशन.

अ‍ॅनियन गॅप पण इथेच शिकून घ्या, सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बची बेरीज वजा करायची. ८ ते १२ च्या आसपास ठीक. ह्या डीकेएवाल्याचं सोडियम १३४, क्लोराइड ९८, बायकार्ब ६, म्हणजे गॅप ३०. किटोन, लॅक्टेट, किडनी फेल, विषारी दारू ह्यात गॅप वाढतो. जुलाबात किंवा खूप नॉर्मल सलाइन गेल्यावर बायकार्ब कमी होतं पण गॅप वाढत नाही, क्लोराइड वाढतं.

तिसरी सीओपीडीची, म्हणजे फुफ्फुसाच्या जुनाट दम लागायच्या आजाराची, आजी, आयुष्य चुलीपुढे गेलेलं. पीएच ७.३४, सीओटू ६८, बायकार्ब ३६. नवीन माणूस ६८ बघून बोंब मारतो. पण बायकार्ब बघा, किडनीने महिनोन् महिने साठवलंय. आजींचा हा रोजचाच सीओटू. तो खेचून ४० ला आणला तर पीएच ७.५५ च्या पुढे जाईल, मग पोटॅशियम खाली, हार्ट बिथरणार. सॅच्युरेशनपण त्यांचं ८८ ते ९२ ठेवायचं असतं, ९९ दिसलं की खूश होऊ नका, ऑक्सिजन कमी करायचा का ते विचारा.

चौथा पटकन सांगते. ऑपरेशननंतरचा पेशंट, आरटीतून, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीतून, दिवसाला दीड लिटर येतंय, वर लघवी वाढवणारं लॅसिक्स चालू. पीएच ७.५२, सीओटू ४८, बायकार्ब ३८, पोटॅशियम २.८. पोटातलं ॲसिड बाहेर गेलं, मेटाबॉलिक अल्कलोसिस. आरटीचं माप नीट लिहिलेलं असेल तर निदान तिथेच आहे, आणि नसेल तर ते कोणी लिहिलं नाही हे तुम्हाला माहितीये. असा पेशंट हळू आणि उथळ श्वास घेतो, वीनिंगला, म्हणजे व्हेंट सोडवायला, नेला की ॲप्निया, म्हणजे श्वास थांबल्याचा, अलार्म वाजवतो. रेस्पिरेटरी अल्कलोसिस, म्हणजे सीओटू २८ वगैरे, व्हेंटवर असेल तर दुखणं, भीती, सेप्सिसची सुरुवात, नाहीतर मग आपलाच रेट किंवा व्हॉल्यूम जास्त लागलाय.

व्हेंट वाजला, आता काय

पेशंटकडे बघा, स्क्रीनकडे नंतर. छाती दोन्हीकडे सारखी हलतेय का, रंग, सॅच्युरेशन, पल्स. ट्यूब ओठाशी किती नंबरावर आहे, बायकांना साधारण २१ आणि पुरुषांना २३, तुमच्या चार्टवर जो लिहिलाय तोच आहे ना. हे सगळं दहा सेकंदांचं काम. सॅच्युरेशन पडतंय आणि कारण समजत नाहीये तर शोधत बसू नका, व्हेंट सोडवा, अ‍ॅम्बूला, म्हणजे हाताने दाबायच्या बॅगला, ऑक्सिजन पूर्ण उघडा, बॅग द्या आणि हाक मारा. हाक मारायला लाजू नका, आयसीयूत ओरडलेलं चालतं.

बॅग दाबताना हात बोलतो. सहज दाबली जातेय, सॅच्युरेशन चढतंय, तर भानगड मशीनची किंवा सर्किटची होती. दाबायला घट्ट लागतेय तर ट्यूबमध्ये किंवा छातीत काहीतरी आहे. सक्शन कॅथेटर घालून बघा, आत जातच नाही तर ट्यूब चावलीये, दुमडलीये किंवा घट्ट बेडक्याने बुजलीये. कॅथेटर सरळ जातोय पण एक बाजू हलत नाही, तर ट्यूब उजवीकडे सरकलीये का, किंवा फुफ्फुसाभोवती हवा भरलीये का (न्यूमोथोरॅक्स). एका बाजूला हवा भरली, बीपी पडतंय, गळ्याच्या शिरा फुगल्यात, तर तो एक्स-रेची वाट बघायचा पेशंट नाही, डॉक्टर लगेच पाहिजेत.

हाय प्रेशर अलार्म सगळ्यात जास्त वाजतो. खोकला, सिक्रीशन, चावणं, नळीत पाणी, दमा, पेशंट आणि मशीनची मारामारी. एक गोष्ट पुष्कळ जणांना माहीतच नसते, प्रेशर लिमिटला लागलं की मशीन तो श्वास तिथेच सोडून देते. म्हणजे प्रत्येक वेळी वाजतो तेव्हा पेशंटला पूर्ण व्हॉल्यूम मिळालेला नसतो. तो असाच अर्धा तास वाजत राहिला आणि आपण सायलेन्स करत राहिलो तर पुढच्या एबीजीला सीओटू वाढलेला दिसणार, आणि मग सगळे विचारणार की रात्रीत काय झालं.

हाय प्रेशर वाजत असेल तर डॉक्टर कधीकधी इन्स्पिरेटरी होल्ड, म्हणजे श्वास आत भरून क्षणभर थांबवणं, करायला सांगतात, तेव्हा काय बघायचं ते माहिती असू दे. पीक (हवा जाताना सगळ्यात जास्त प्रेशर) ४५ आणि प्लॅटो (थांबवल्यावर उरलेलं प्रेशर) २०, म्हणजे हवा जायच्या वाटेत अडथळा, ट्यूब, सिक्रीशन, दमा. पीक ४५ आणि प्लॅटोही ४०, म्हणजे फुफ्फुसच ताठ, पाणी, न्यूमोथोरॅक्स, एआरडीएस किंवा एकाच फुफ्फुसात ट्यूब. प्लॅटो ३० च्या आत ठेवायचा प्रयत्न असतो.

आता एक फसवी जागा. हे सगळं व्हॉल्यूम मोडचं झालं, जिथे श्वासाचं माप बांधून दिलेलं असतं. प्रेशर मोडवर पेशंट असेल तर प्रेशर आपणच बांधून दिलेलं असतं, त्यामुळे ट्यूब बुजत आली तरी हाय प्रेशर वाजत नाही. तिथे गुपचूप टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासाची हवा, कमी होत जातो. सकाळी ४२०, दुपारी ३६०, संध्याकाळी २९०, आणि लो व्हॉल्यूमचा अलार्म कुणीतरी २०० ला लावलेला, म्हणून आवाज नाही. म्हणून प्रेशर मोडवर दर तासाला एक्सपायर्ड व्हॉल्यूम लिहायचा, नुसती टिक मारायची नाही.

लो प्रेशर, लो व्हॉल्यूम म्हणजे गळती. पेशंटच्या तोंडापासून सुरू करून हाताने नळी चाचपत मशीनपर्यंत जा. वाय-पीस, क्लोज सक्शनचं जोडणं, नेब्युलायझरची टी काढली आणि टोपण लावलं नाही, वॉटर ट्रॅपचा कप अर्धवट फिरवलेला, ह्युमिडिफायरचं पाणी भरलं आणि झाकण उघडं. दहातल्या सात वेळा ह्यातलंच काहीतरी, निदान माझ्या अनुभवात. घशातून गुरगुर आवाज किंवा पेशंटचा शब्द ऐकू आला तर कफ बघा. कफ प्रेशर गेजने मोजा, २० ते ३० सेंटिमीटर पाण्याचं, बोटाने दाबून "ठीक आहे" म्हणू नका, बोटाला काही कळत नाही. कफ ठीक, जोडण्या ठीक, तरी व्हॉल्यूम येत नाही आणि ट्यूबचा नंबर बाहेर सरकलाय, तर ट्यूब वर आलीये किंवा निघालीये. आयसीडी (छातीतून हवा बाहेर काढायची नळी) असेल तर बाटलीत बुडबुडे बघा, हवा तिकडून जात असेल.

नळीतलं पाणी हा वेगळा विषय. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री थंडी, वर एसी, आणि ह्युमिडिफायर गरम, त्यामुळे नळीत पाणी साचतं आणि खुळखुळतं. मशीनला वाटतं पेशंटने श्वास ओढला, मग एकामागे एक श्वास देत सुटते. स्क्रीनवर रेट ३२ आणि पेशंट मात्र गाढ, छातीची स्वतःची हालचाल नाही. एबीजीला सीओटू २६. डॉक्टर पेशंटमध्ये कारण शोधतात आणि कारण नळीत. पाणी ट्रॅपकडे उतरवा, पेशंटकडे कधीच नाही आणि ह्युमिडिफायरच्या भांड्यात परत पण नाही, ते घाण पाणी असतं. नळी पेशंटच्या पातळीपेक्षा खाली झोळीसारखी सोडा.

एचएमई, म्हणजे पेशंटच्याच श्वासाची ओल धरून ठेवणारा फिल्टर, वापरत असाल तर नेब्युलायझेशन देताना तो काढायचा आणि नंतर लावायचा. ह्युमिडिफायर आणि एचएमई दोन्ही एकत्र कधीच नाही, फिल्टर भिजून डब्बा होतो. एक्सपायरेटरी फिल्टरपण सारख्या नेब्युलायझेशनने चिकट होतो, मग हवा बाहेर पडत नाही, पीप, म्हणजे श्वास सोडल्यावर छातीत उरणारं प्रेशर, वाढत जातं. दम्याच्या पेशंटमध्ये श्वास पूर्ण बाहेर न पडता पुढचा आत येत राहिला तर छाती फुगत जाते आणि बीपी कोसळतं, तिथे व्हेंट क्षणभर सोडवून हवा बाहेर जाऊ देतात. हे सिनिअर समोर असताना एकदा बघून घ्या.

ॲप्निया अलार्म बहुतेक मशीनवर वीस सेकंदांना लावलेला असतो, मग बॅकअप सुरू होतो. वाजला की गुंगीच्या औषधांच्या, फेंटानिल-मिडाझोलामच्या, पंपाचा रेट बघा, कोणी सिरिंज बदलताना एमएल चुकवलं का. गॅसचा अलार्म वाजला आणि शेजारच्या बेडलापण वाजला तर पाइपलाइन गेलीये, हॉलमधल्या सगळ्यांसाठी सिलिंडर आणि अ‍ॅम्बू. लाइट गेली तर व्हेंट बॅटरीवर चालतो, पण बॅटरी किती जुनी हे फक्त बायोमेडिकलवाल्याला माहिती, म्हणून हात अ‍ॅम्बूवर.

ड्युटीवर आल्या आल्या

बेडशी अ‍ॅम्बू लटकतोय, मास्क आणि रिझर्व्हायर आहे, फ्लोमीटर चालू होतो, सक्शन ओढतंय, त्याच नंबरची जास्तीची ट्यूब आहे. हे दोन मिनिटांत बघून घ्या, चहा नंतर. मग अलार्म लिमिट बघा. आधीच्या शिफ्टमध्ये वाजवाजीला कंटाळून कोणी हाय प्रेशर ६० ला नेऊन ठेवलेलं असतं. पीकच्या साधारण दहा वर ठेवायचं, आपल्या युनिटचा प्रोटोकॉल असेल तो पहिला. लो मिनिट व्हॉल्यूम पेशंटच्या चालू आकड्याच्या खूप खाली ठेवू नका, नाहीतर तो अलार्म असून नसल्यासारखा.

आणि ओव्हर देताना हे असं द्या, मी आमच्याकडच्या मुलींना हेच पाठ करायला लावते: "बेड चार, मण्यार, दुसरा दिवस. ट्यूब साडेसात, ओठाशी २२, कफ २६. व्हॉल्यूम मोड, ४२० ला रेट १६, पीप ५, एफआयओटू ४०. पीक २२. पहाटे चारचा एबीजी ७.४१, ३८, २४, पीओटू ९४. रात्रीत हाय प्रेशर दोनदा, दोन्ही वेळा सिक्रीशन, पांढरं आणि पातळ. तीनपासून बोटं हलवतोय, पापण्या अजून नाही. पुढचा एबीजी दहाला, सेटिंग बदललं तर त्यानंतर अर्ध्या तासाने."